मोबाइल सोडायचाय? आधी नंबरचं बघा

"मोबाइल कायमचा बाजूला ठेवावा असं फार वाटतं, पण मग बँकेचं काय?" हा प्रश्न वाचक सतत विचारतात. त्यात निवृत्त शिक्षक असतात, दहावीतल्या मुलाची आई असते, रात्री साडेदहालाही कार्यालयाच्या ग्रुपवर उत्तर द्यावं लागणारा नोकरदार असतो. उलट बाजूचा प्रश्नही तितकाच येतो. "आईकडे आजवर फोन नव्हता आणि तिला तो नकोच आहे. आता गॅसला ओटीपी, लाडक्या बहिणीला ओटीपी. तिच्या हातात बळेच फोन द्यायचा का?"

दोन्हीकडचा गुंता एकाच जागी आहे. मोबाइल म्हणताना आपण दोन गोष्टी एकत्र धरतो: दहा आकडी नंबर आणि काचेचा पडदा असलेलं यंत्र. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी तो दिल्लीत तत्कालीन केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केला होता. तेव्हा नंबर म्हणजे बोलण्याची सोय होती. आज बँक, आधार, गॅस एजन्सी, रेल्वे सगळे तो ओळख पटवायला वापरतात. त्यांना तुमचा नंबर लागतो, त्या नंबरचं सिम कोणत्या फोनात आहे याच्याशी बहुतेकदा त्यांना कर्तव्य नसतं. झोप, डोळे आणि संध्याकाळ खातो तो स्मार्टफोन. या दोन गोष्टी सुट्या केल्या की निर्णय पुष्कळ सोपा होतो.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी नंबर स्वतःच्या नावावर जपावा आणि स्मार्टफोन हवा तर खुशाल सोडावा. ज्यांना नंबरही नको, त्यांनाही तसं जगण्याचा पूर्ण अधिकार आहे, मात्र त्याआधी काही कागद नीट करून घ्यावे लागतात.

नंबर कुठे कुठे अडकला आहे, ते काढा

आठवून यादी करू नका, निम्मं सुटतं. मेसेजची पेटी उघडा आणि मागच्या वर्षभराचे मेसेज वरपासून खाली पाहा. ज्या ज्या संस्थेचा मेसेज दिसेल तिचं नाव वहीत लिहा. मुदत ठेव असलेली पतसंस्था, विमा कंपनी, भविष्यनिर्वाह निधी, आयकर, म्युच्युअल फंड, वीजबिल, शाळा, सोसायटी अशी वर्षातून एकदाच डोकं वर काढणारी ठिकाणं अशीच सापडतात.

मग प्रत्येक नावापुढे खूण करा:

- इथे फक्त मेसेज किंवा फोन येतो. बटणाच्या फोनवर भागेल.
- इथे ॲप लागतं. स्मार्टफोनशिवाय चालणार नाही, किंवा पर्याय विचारावा लागेल.
- इथे प्रत्यक्ष जाऊन काम होतं. नंबर नसला तरी अडत नाही.

ही यादी झाली की बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण मधल्या खुणेची नावं फार थोडी निघतात. नेट बँकिंग घरच्या संगणकावरून करता येतं आणि ओटीपी साध्या फोनवर येतो. काही शेअर दलाल आणि काही बँकांच्या सोयी मात्र ॲपवरच चालतात. तिथे "संगणकावरून लॉगिन करता येतं का?" हा एक प्रश्न विचारून घ्या.

बटणाचा फोन: सर्वांत व्यवहार्य वाट

या वाटेवर मी जास्त थांबणार आहे, कारण स्मार्टफोन सोडू पाहणाऱ्या बहुसंख्य लोकांना तीच झेपते. कॉल येतात, ओटीपी येतो, ११२ आणि १०८ लावता येतात, चार्जिंग काही दिवस टिकतं. तरीही पुष्कळ जण महिन्याभरात वैतागून स्मार्टफोनकडे परततात. त्याला कारण बहुतेकदा चुकीचा फोन किंवा चुकीचं रिचार्ज असतं.

फोन घेताना दुकानातच हे तपासा:

- सिम चालतं का? साध्या २जी फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं जाळं ४जीपासून सुरू होतं. जिओचा नंबर असेल तर ४जी कीपॅड फोनच लागेल. जिओभारतसारखे फोन जिओच्याच सिमवर चालतात, उद्या कंपनी बदलली की ते निरुपयोगी. एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएलचं सिम असेल तर साधा फोन चालतो, पण तुमच्या गावात रेंज येते का ते आधी पाहा.
- सिमचा आकार. स्मार्टफोनमधलं सिम बारीक असतं, जुन्या धाटणीच्या फोनची खाच मोठी. प्लॅस्टिकची चौकट मिळते, ती नीट बसवून घ्या. नाहीतर सिम आत अडकतं.
- मराठी मेसेज. काही फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. दुकानातूनच त्या फोनवर एक मराठी मेसेज पाठवून पाहा.
- मेसेजची पेटी किती मोठी? स्वस्त फोनची पेटी लवकर भरते आणि भरली की नवा ओटीपी येतच नाही. लोक बँकेला दोष देत राहतात. आठवड्यातून एकदा जुने मेसेज पुसायची सवय लावून घ्या.
- ज्येष्ठांसाठी मोठी बटणं, मोठा आवाज, काढता येणारी बॅटरी आणि एक बटण दाबून घरच्यांना फोन लावण्याची सोय बघा.

रिचार्जचा मुद्दा हक्काचा आहे. इंटरनेट नको असलेल्या ग्राहकालाही वर्षानुवर्षं डेटासकटचा प्लॅन घ्यावा लागत होता. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नियम बदलले. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर ठेवलंच पाहिजे, आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार "असा प्लॅन नाही" म्हणाला तर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून "डेटा नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅन" असं स्पष्ट मागा. वर्षाचा एकदम घेतला तर दर महिन्याची कटकट वाचते आणि सिम बंद पडण्याचा धोकाही टळतो.

हा धोका खरा आहे. प्रीपेड सिम ९० दिवस कसल्याही वापराविना पडून राहिलं आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसतील, तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. तुमच्या बँक खात्याला तोच नंबर जोडलेला राहिला, तर तुमचे मेसेज अनोळखी माणसाच्या हातात जातात. म्हणून सिम नुसतं डब्यात घालून ठेवू नका. एकतर जिवंत ठेवा, नाहीतर सगळीकडून काढून मग सोडा.

व्हॉट्सॲप कीपॅड फोनवर मिळेल असं धरून चालू नका. नातेवाइकांना, सोसायटीला, मुलांच्या शाळेला एकदा सांगा: "महत्त्वाचं असेल ते फोन करून सांगा किंवा साधा एसएमएस करा." पहिले काही दिवस निरोप चुकतील. लग्नाचं आमंत्रण हुकेल, पाण्याची वेळ बदलल्याचं उशिरा कळेल. शेजारचं एखादं घर किंवा सोसायटीतला एक माणूस आधीच ठरवून ठेवा, जो तातडीचं तेवढं सांगेल.

पैशांचे व्यवहार

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक इथे कळीचं आहे. त्यानुसार जो ग्राहक मोबाइल नंबर देत नाही, त्याला एटीएममधून पैसे काढण्याखेरीज इतर इलेक्ट्रॉनिक व्यवहारांची सोय बँक नाकारू शकते. याचा दुसरा अर्थही नीट समजून घ्या: खातं चालू राहतं, शाखेत स्लिप भरून पैसे काढता येतात, चेक देता येतो, एटीएम कार्ड वापरता येतं, एनईएफटीचा अर्ज शाखेत भरून पैसे पाठवता येतात.

त्याच परिपत्रकात फसवणुकीबद्दलची तरतूद आहे. तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. नंबर नसलेल्या माणसाला व्यवहाराचा मेसेज येत नाही, त्यामुळे त्याने दर आठवड्याला पासबुकात नोंदी भरून घ्याव्यात. काही गडबड दिसली तर बँकेला लेखी कळवा, पोच घ्या, आणि कुणाच्याही फोनवरून १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

बटणाच्या फोनवरून यूपीआय होतं का? होतं. *९९# ही सेवा इंटरनेटशिवाय चालते आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पैसे पाठवता येतात. पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत लागते. ८ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या यूपीआय १२३पे सेवेत ठरलेल्या नंबरला फोन लावून, सूचना ऐकत, बटणं दाबून पैसे देता येतात. पण भाजीवाल्याकडे रांगेत उभं राहून हे करण्यात अर्थ नाही. *९९# चं काम मधेच तुटतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. घरी बसून भाडं देणं, मुलीला पैसे पाठवणं यासाठी या सेवा चांगल्या. बाजारासाठी पाकिटात सुटे ठेवा.

रोखीलाही काही ठिकाणी मर्यादा आहेत. महावितरणचं घरगुती वीजबिल ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर केंद्रावर ते रोखीने भरता येत नाही. अशा वेळी चेकबुक कामाला येतं, म्हणून खात्याला चेकबुक घेऊन ठेवाच.

तुम्ही सत्तरीच्या पुढचे असाल किंवा अपंगत्वामुळे शाखेत जाणं कठीण असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१७ च्या सूचनेनुसार बँकांनी घरपोच सेवा द्यायची आहे: रोख रक्कम आणणं-नेणं, ड्राफ्ट पोचवणं, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घेऊन जाणं. सगळ्या शाखा हे आपणहून सांगत नाहीत. लेखी अर्ज द्या आणि शुल्क किती ते आधी विचारा.

गावात बँकेच्या प्रतिनिधीकडे अंगठा लावून पैसे काढत असाल तर दर वेळी पावती घ्या. "अंगठा नीट उमटला नाही, परत लावा" असं सांगितलं तर आधीचा व्यवहार रद्द झाल्याची पावती मागा आणि मगच पुन्हा लावा.

आईचं खातं, मुलाचा नंबर

पुष्कळ घरांत हे प्रेमाने आणि सोयीसाठी केलेलं असतं. आईला फोन कळत नाही, म्हणून तिच्या खात्याला, आधारला, गॅसला मुलाचा नंबर. करोनाच्या लसीच्या वेळी एका नंबरवर आधी चार आणि नंतर सहा जणांची नोंदणी होत असे, तेव्हापासून तर एका घराला एक नंबर पुरतो अशीच समजूत झाली. आधारमध्येही एकच नंबर अनेकांना जोडता येतो, त्यामुळे कुणी अडवत नाही.

पण यात तीन धोके आहेत आणि ते घडताना दिसत आहेत.

पहिला: मुलगा नोकरीसाठी दुबईला किंवा कॅनडात जातो. इथलं सिम रिचार्जविना बंद पडतं. सहा महिन्यांनी आईला आधारची एखादी केवायसी करायची वेळ येते आणि ओटीपी मेलेल्या नंबरवर जातो.

दुसरा: नंबर ज्याच्या हातात, खातं त्याच्या हातात. आईच्या नावावरची ठेव मोडली तरी मेसेज मुलालाच येतो. सगळीच मुलं वाईट नसतात, बहुतेक चांगलीच असतात. तरी आपल्या पैशांत काय होतंय हे आईला दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळावं, ही व्यवस्था मला मान्य नाही.

तिसरा धोका बायकांच्या बाबतीत जास्त. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झालं, तेव्हा लाभार्थी बाईच्या आधारचा ओटीपी आणि जोडीला नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. ज्यांचे स्वतःचे नंबर नवऱ्याच्या फोनात होते, विशेषतः ज्या वेगळ्या राहत होत्या, त्यांची किती कोंडी झाली असेल याची कल्पना करा. दरमहा १,५०० रुपये तिच्या नावावर येतात, पण दाराची कडी दुसऱ्याकडे.

म्हणून माझा आग्रह असा:

- घरातल्या प्रत्येक प्रौढ बाईच्या नावावर स्वतःचं सिम असू द्या, फोन हजार-दीड हजाराचा असला तरी चालेल.
- सिम खरोखर तिच्याच नावावर आहे का ते पाहा. दुकानदाराने ओळखीच्या माणसाच्या कागदांवर दिलेली जुनी सिम अजून चालू आहेत. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. नाव दुसऱ्याचं असेल तर कंपनीच्या दालनात जाऊन नावावर करून घ्या.
- आधारमधला नंबर आधार केंद्रात स्वतः जाऊन, बोटांचे ठसे देऊन बदलता येतो, कागदपत्रं लागत नाहीत. चालता न येणाऱ्यांसाठी पोस्टमनमार्फतही हे काम होतं, टपाल कार्यालयात चौकशी करा.
- आधारनंतर बँकेत वेगळा अर्ज द्या. आधारमध्ये नंबर बदलला की बँकेत आपोआप बदलतो, असा पुष्कळांचा समज आहे. तसं होत नाही.
- आई-वडिलांना ओटीपी वाचता येत नसेल तर शिकवा. सहा आकडे वाचणं ही फार मोठी विद्या नाही. शिकवताना "फोनवर मागणाऱ्या कुणालाही हे आकडे सांगायचे नाहीत, मी मागितले तरी आधी मला परत फोन लावायचा" एवढं पक्कं करून घ्या. "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलं आहे" असं सांगणारा माणूस पोलीस नसतो. तशी अटक आपल्या कायद्यात नाही.

नंबरच नको असेल तर

ही वाट कमी लोकांची, पण खुली आहे. कुठलाही नंबर नसताना आजही होणारी कामं बरीच आहेत. रेशन दुकानात पॉस यंत्रावर अंगठा लावून धान्य मिळतं. मतदानाला ओळखपत्र लागतं, फोन लागत नाही. एसटीत ज्येष्ठांची आणि महिलांची सवलत मिळते. रेल्वेच्या खिडकीवर आरक्षण आणि लोकलचा पास मिळतो. तलाठ्याकडे सातबारा मिळतो. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये बँकेत प्रत्यक्ष जाऊन, कागदावर सही करून देता येतो. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो, तेव्हा गर्दी कमी असते. आयकराचं विवरणपत्र ऐंशीच्या पुढच्यांना ठरावीक फॉर्मवर कागदी भरता येतं.

अवघड होणारी कामंही माहीत असू द्या. रेल्वेचं तात्काळ तिकीट जुलै २०२५ पासून ओटीपीशी जोडलं गेलं आहे. राज्यभरातली अकरावीची प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून ऑनलाइन आहे आणि तिथे पालकाचा चालू नंबर लागतो. शेतकऱ्याला पीक पाहणी स्वतः ॲपवरून नोंदवावी लागते, ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आहे. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे शेजारच्या शेतकऱ्याची मदत घेता येईल. पण नोंद झाल्यावर सातबाऱ्यावर पीक बरोबर चढलं का ते स्वतः पाहून घ्या. नुकसानभरपाई मागताना त्या नोंदीचाच आधार असतो. गॅस सिलिंडर आणणारा कोड मागतो, तो मेसेजनेच येतो. एजन्सीत जाऊन आधीच बोलून ठेवा.

एकटे राहत असाल तर नंबर पूर्ण सोडण्याआधी दोनदा विचार करा. रात्री छातीत दुखलं तर हाताशी काहीतरी हवंच. लँडलाइन हा पर्याय आहे, पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. जुन्या तांब्याच्या तारेवरचा फोन वीज गेली तरी चालायचा. आताचा फायबरवरचा लँडलाइन घरातली वीज गेली की मुका होतो. त्याला छोटा बॅकअप घ्या. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य दाबावा लागतो हेही वहीवर लिहून ठेवा.

कुणी अडवलं तर

"नंबर नाही? मग काम होणार नाही." हे वाक्य ऐकून लोक परत फिरतात. परत फिरू नका.

- दुकानात बिल करताना नंबर सक्तीने मागता येत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना तशी सूचना केली आहे. "नंबर द्यायचा नाही, बिल करा" एवढंच म्हणा.
- नवीन सिम घेताना किंवा बँकेत आधारच हवं असा हट्ट चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सिम आणि बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना चालतो.
- रेशन दुकानात अंगठा उमटत नाही, म्हाताऱ्या माणसांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून धान्य नाकारू नये असे केंद्राचे २०१७ चे स्पष्ट आदेश आहेत. दुकानदाराशी वाद घालत बसण्यापेक्षा तहसील कार्यालयातल्या पुरवठा विभागात लेखी तक्रार द्या.
- सरकारी दाखला किंवा सेवा यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळायला हवी, नाकारली तर कारण लेखी मिळायला हवं, आणि त्यावर अपील करता येतं. अर्जाची पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.
- बँक ऐकत नसेल तर शाखेत लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे टपालानेही तक्रार पाठवता येते. त्यासाठी इंटरनेट असावं लागत नाही.

दृष्टिहीनांना आणि चेहऱ्याला इजा झालेल्यांना आणखी एक आधार आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप हीच जिवंत असल्याची एकमेव खूण धरू नये, दुसरे मार्ग ठेवावेत असं बजावलं. बँकेत ई-केवायसी अडलं तर या निकालाचा उल्लेख अर्जात करा.

शाळकरी मुलं आणि नोकरदार

मुलाला फोन देऊ नये म्हणून स्वतःचा सोडणारे पालक भेटतात. त्यांना माझं सांगणं: घराचा म्हणून एकच स्मार्टफोन ठेवा, तो बैठकीच्या खोलीत चार्जरला लावलेला राहील, खिशात फिरणार नाही आणि झोपण्याच्या खोलीत जाणार नाही. शाळेचा ग्रुप, प्रवेशअर्ज, व्हिडिओ कॉल सगळं तिथेच. हा नियम मोठ्यांनाही लागू हवा, नाहीतर तो टिकत नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं. गावाने ठरवल्यामुळे "सगळ्यांकडे आहे, मलाच का नाही" हा मुलांचा युक्तिवादच संपला. चार-पाच कुटुंबांनी मिळून एवढं ठरवणं सोसायटीतही जमू शकतं. मूल फोनपायी झोप, जेवण, शाळा टाळायला लागलं असेल तर ओरडण्याऐवजी १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर बोला, सल्ला मोफत मिळतो.

नोकरदारांची अडचण वेगळी. कामाची वेळ संपल्यावर फोन न घेण्याचा कायदा आपल्याकडे झालेला नाही. सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, पण ते तिथेच राहिलं. त्यामुळे वरिष्ठांशी आधी बोला: "साडेसातनंतर तातडीचं असेल तर फोन करा, ग्रुप मी सकाळी पाहीन." लेखी मेल टाकून ठेवला तर बरं. ज्यांची हजेरीच ॲपवर लागते त्यांना स्मार्टफोन सोडता येणार नाही, पण तो कामाचा फोन मालकाने द्यावा ही मागणी रास्त आहे. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत केले, तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं की काम तुमचं, तर चालेल असं साधनही तुम्हीच द्या.

सोडण्याआधी या क्रमाने करा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी फोन विकून मग नंबर बदलायला गेलेले लोक फार हेलपाटे घालतात.

१. वहीतली यादी पूर्ण करा. प्रत्येक ठिकाणी तुमचाच, चालू नंबर नोंदलेला आहे याची खात्री करा. नंबरही सोडणार असाल तर प्रत्येक ठिकाणी तो काढण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

२. महत्त्वाचे फोन नंबर कागदी डायरीत लिहा. दोन प्रती करा, एक घरात भिंतीवर, एक पाकिटात.

३. गूगल खात्याला फोनवरून पडताळणी लावली असेल तर राखीव कोड छापून ठेवा. नाहीतर ईमेलच उघडणार नाही, आणि ईमेल गेलं की मागोमाग बरंच काही जातं.

४. फोटो संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवा.

५. यूपीआय ॲपमधून बँक खातं काढा. आपोआप जाणारे हप्ते त्यावर असतील तर ते आधी बँकेतून थेट वजावटीने किंवा चेकने द्यायची व्यवस्था करा. विम्याचा हप्ता इथेच चुकतो.

६. व्हॉट्सॲपचं खातं ॲपमधूनच रीतसर बंद करा. नुसतं ॲप पुसलं तर लोक मेसेज टाकत राहतात आणि तुम्ही उत्तर देत नाही असं त्यांना वाटतं.

७. सिम बटणाच्या फोनमध्ये घाला आणि त्याच दिवशी बँकेचा एक ओटीपी मागवून पाहा. आला नाही तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

८. स्मार्टफोन लगेच विकू नका, कुणाला देऊ नका. बंद करून कपाटात ठेवा. एक वीजबिल, एक गॅस सिलिंडर, मुलांच्या शाळेची एक फी आणि पेन्शन किंवा पगाराचे दोन महिने त्याच्याविना पार पडू द्या. मधे कुठे अडलंत तर तेवढ्यापुरता काढा, काम झालं की परत ठेवा आणि अडलेलं ठिकाण वहीत लिहून त्याचा पर्याय शोधा. दोन महिने सरळ गेले की त्यातली सगळी माहिती पुसून, फॅक्टरी रीसेट करून मगच तो हातावेगळा करा.